‘लाईन’ म्हणजे नेमकं काय? तंगुसापासून भरतीरेषेपर्यंत

खाडीच्या पुलावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसलेल्या माणसाच्या बोटावरून जो तंगूस पाण्यात जातो, ती इंग्रजीतली अस्सल ‘लाईन’. गळाच्या दोरीला इंग्रजीत आजही ‘फिशिंग लाईन’ किंवा नुसतंच ‘लाईन’ म्हणतात. आपल्याकडे मात्र तंगुसाला कोणी लाईन म्हणणार नाही. आपली लाईन म्हणजे खांबावरची वीजतार, रेल्वेचा रूळ, तिकीट खिडकीपुढची रांग, पोराने धरलेला धंदा आणि त्याच पोराचं चाललेलं प्रेमप्रकरण. मुळातला अर्थ तेवढा किनाऱ्यावर ठेवून बाकीचे बहुतेक आपण घरात घेतले.

इंग्रजीच्या मोठ्या कोशात ‘लाईन’चे अर्थ पानंच्या पानं चालतात. शाळेतली मुलं त्यातले पाच-सहा पाठ करतात आणि सातवा समोर आला की अडतात. पाठांतराने हा शब्द वश होत नाही, कारण त्याचे अर्थ सुटे नाहीत. ते एकातून एक निघालेले आहेत आणि सुरुवात आहे अळशीच्या झाडापासून.

अळशीला लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणतात. आपण अळशीच्या बियांचं तेल काढतो, चटणी करतो. युरोपात तिच्या खोडातला वाख काढून धागा कातत आणि त्याचं कापड विणत, तेच लिनन. त्या धाग्याला लॅटिनमध्ये ‘लिनेआ’ म्हणत आणि ‘लाईन’ हा शब्द तिथून इंग्रजीत आला. क्रिकेटच्या बॅटीला चोळतात ते ‘लिनसीड ऑईल’, जुन्या बंगल्यांत जमिनीवर अंथरलेलं असे ते लिनोलियम, दोन्ही याच कुळातले. बॅटीचं तेल आणि गोलंदाजाची ‘लाईन अँड लेन्थ’ यांचं असं लांबचं नातं निघतं.

धाग्याचा अर्थ रेघ कसा झाला, हे कोणताही गवंडी दाखवू शकेल. जांभ्याच्या चिऱ्यांचा थर रचताना तो दोन टोकांना दोरी ताणून बांधतो आणि त्या दोरीला धरून चिरे लावतो. सुतार रंगात बुडवलेलं सूत फळीवर ताणतो, मध्ये चिमटीत धरून उचलतो आणि सोडतो. सूत काढून घेतलं तरी फळीवर सरळ खूण राहते. ती खूण म्हणजे ‘लाईन’चा दुसरा अर्थ, रेघ. दोरीला धरून लावलेल्या चिऱ्यांचा थर हा तिसरा अर्थ, ओळ किंवा रांग. दोरी एकच, पण तिच्यापासून खूणही झाली आणि ओळही झाली.

मराठीने हेच कापसाच्या धाग्यावर केलं आहे. सूत म्हणजे धागा. ते ताणलं की सरळ, म्हणून ‘सुतासारखा सरळ’ आला. लांबी मोजायला ते वापरलं म्हणून सूत हे मापही झालं, इंचाचा आठवा भाग. ‘चार सुती’ सळई मागितली की दुकानदार अर्ध्या इंचाची देतो. संस्कृतातलं सूत्र म्हणजे धागा, नियम आणि गणिताचं सूत्रही. सुतार हा शब्दच सूत्रधारातून आला. त्यामुळे एका धाग्याला इतके अर्थ कसे फुटतात, याचं नवल इंग्रजाला वाटलं तर वाटो, आपल्याला वाटायचं कारण नाही.

फरक एका बाबतीत पडतो. इंग्रजीने एकच शब्द सगळीकडे ताणला, आपण कामं वाटून दिली. पाटीवर ओढली ती रेघ, भूमितीतली ती रेषा, तळहातावरचीही रेषाच. वहीत लिहिली ती ओळ. माणसांची आणि डोंगरांची ती रांग. बांधायची ती दोरी, विजेची ती तार. म्हणून इंग्रजी मजकुरात ‘लाईन’ दिसली आणि तिचं मराठी करायचं असलं, की पहिला प्रश्न हा विचारावा की ही वस्तू हातात धरता येते का, नुसती दिसते का, की ती कोणीतरी मनात आखलेली आहे. तीनांपैकी एका खोलीत ती सापडतेच.

दुसरी युक्ती शेजारचे शब्द बघण्याची आहे. बोलण्यात आपण ‘लाईन’ हा एकच शब्द वापरला तरी गोंधळ होत नाही, कारण मराठी क्रियापद अर्थ सांगून टाकतं. लाईन ओढली, लाईन तुटली म्हणजे तार. लाईन मारली, आखली म्हणजे रेघ. लाईन लागली, मोडली म्हणजे रांग. लाईन धरली, बदलली म्हणजे धंदा. इंग्रजीत हे काम बहुतेक वेळा चिमुकले शब्द करतात. ‘ऑन द लाईन’ माणूस फोनवर असतो, ‘इन लाईन’ असेल तर रांगेत, ‘ओव्हर द लाईन’ गेला तर त्याने मर्यादा सोडली आणि ‘डाऊन द लाईन’ म्हणजे पुढे कधीतरी. आपली मुलं मोठ्या शब्दाचा अर्थ शोधत बसतात आणि या चिमुकल्यांकडे बघतही नाहीत.

विजेपासून सुरुवात करू, कारण कोकणात जून लागला की हाच अर्थ सर्वात जास्त कानावर येतो. आपण ‘लाईट’ आणि ‘लाईन’ यांत नेमका भेद करतो, आणि तो शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. घरातली जाते ती लाईट, खांबावरची जाते ती लाईन. ‘लाईट गेली’ ही तक्रार, ‘लाईन गेली’ हे निदान. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. पुढे दापोली-मंडणगडपर्यंत खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्या दिवसांत लाईट कधी येणार हे विचारण्यात अर्थ नव्हता. लोक विचारत, ‘लाईन ओढली काय?’ ओढणे हे दोरीचं क्रियापद. वीज आली, तारा ॲल्युमिनियमच्या झाल्या, तरी भाषेने लाईनला दोरी म्हणूनच वागवलं.

तारेवरून शब्द तारायंत्रात आणि टेलिफोनात गेला. ‘लाईनवर रहा’ हे त्यातलंच. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात १९६३ साली ‘हॉटलाईन’ सुरू झाली. लाल फोन उचलून दोन नेते बोलतात असं चित्र आपल्या डोक्यात असतं, पण ती टेलिप्रिंटरची जोडणी होती. त्यावर मजकूर टाईप होऊन जाई.

आता रूळ. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. बाकीचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना एकच रूळजोडी. रेल्वेच्या बोलीत ‘लाईन’चे इतके बारीक अर्थ आहेत की तेवढ्याचाच वेगळा लेख होईल. स्टेशनातून सरळ जाते ती मेन लाईन, बाजूला वळून पुन्हा तिलाच मिळते ती लूप लाईन. आपली गाडी एखाद्या छोट्या स्टेशनात लूपवर काढून ठेवली आणि समोरून दुसरी गाडी धडधडत गेली, की डब्यातले जाणकार सांगतात, ‘क्रॉसिंगला काढलीय.’ ‘लाईन क्लिअर’ म्हणजे पुढच्या स्टेशनाने दिलेली मंजुरी: इथून तिथवरचा रूळ मोकळा आहे, गाडी सोडा. ‘लाईन ब्लॉक’ म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास तो तुकडा वाहतुकीला बंद. इथे लाईन म्हणजे लोखंडी रूळ एवढंच नाही. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यावर यावेळी हक्क कोणाचा, हाही अर्थ तिच्यात आहे.

वाट असा अर्थ एकदा रुजला की ती वाट चालवणाऱ्या कंपनीलाही तेच नाव मिळतं. जहाजांची ‘शिपिंग लाईन’, विमानांची ‘एअरलाईन’. मग माणसाने निवडलेली आयुष्याची वाट. ‘झीलान खंयची लाईन धरल्यान?’ म्हणजे मुलाने कोणता धंदा धरला, हा मालवणी प्रश्न अगदी शुद्ध इंग्रजी वळणाचा आहे, कारण इंग्रजही धंदा विचारताना तुमची ‘लाईन’ कोणती असं विचारतो. आपण घेतलेले सगळेच अर्थ बिघडलेले नाहीत.

बोटीवर जाणारी माणसं कोकणात गावोगाव आहेत. त्यांच्याकडे ‘लाईन’चे दोन अर्थ असे आहेत जे जमिनीवरच्यांना सहसा ठाऊक नसतात. पहिला म्हणजे विषुववृत्त. खलाशांच्या इंग्रजीत ‘द लाईन’ म्हणजे तेच. जहाज ते ओलांडतं तेव्हा पहिल्यांदा पलीकडे जाणाऱ्याची यथेच्छ फजिती करतात. कोणीतरी नेपच्यून नावाचा समुद्रदेव होतो, नवख्यांना दरबारात उभं करतात, अंगाला काहीबाही फासतात आणि शेवटी प्रमाणपत्र देतात. पाण्यावर रेघ कुठेच दिसत नाही, पण ती ओलांडल्याचा कागद मिळतो.

दुसरा अर्थ जहाजाच्या कुशीवर रंगवलेला असतो. सॅम्युएल प्लिमसॉल हा ब्रिटिश पार्लमेंटातला सभासद. जहाजमालक माल ठासून भरतात, जहाज बुडालं तर विम्याचे पैसे घेतात आणि मरतात खलाशी, म्हणून त्याने रान उठवलं. १८७६ च्या कायद्याने जहाजावर भाराची खूण रंगवणं सक्तीचं झालं. तिला आजही ‘प्लिमसॉल लाईन’ म्हणतात. हल्ली तिथे एक रेघ नसते, आडव्या रेघांची शिडीच असते, कारण सगळं पाणी सारखं उचलत नाही. गोड्या पाण्याची घनता कमी, त्यात तेवढ्याच मालाचं जहाज जास्त खाली बसतं. म्हणून गोड्या पाण्याची रेघ वेगळी, उष्ण समुद्राची वेगळी, उन्हाळ्याची, हिवाळ्याची आणि हिवाळ्यातल्या उत्तर अटलांटिकची तर सगळ्यात कडक.

इथे ‘लाईन’ हद्द झाली, आणि हा अर्थ आपल्या गावच्या मैदानावर सगळ्यात स्पष्ट दिसतो. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मधल्या रेषेपासून ३.७५ मीटरवर बॉक लाईन, तिच्या पलीकडे आणखी १ मीटरवर बोनस लाईन. चढाई करणाऱ्याने कोणाला शिवलं नाही आणि बॉक लाईनही ओलांडली नाही, तर तो बाद. म्हणजे काही रेघा ओलांडल्या तर गुन्हा, काही ओलांडल्या नाहीत तर गुन्हा. ‘डेडलाईन’ पहिल्या जातीतली. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळात कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. पुढे वर्तमानपत्रांनी हा शब्द उचलला आणि आता तो शाळेच्या प्रकल्पालाही लागतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला मात्र सगळ्यात महाग पडणारी लाईन वेगळीच आहे. तिचं नाव हाय टाईड लाईन. सरकारी कागदावर ती ‘एचटीएल’ अशी येते आणि तिचं मराठी नाव, भरतीरेषा, त्याहून कितीतरी सोपं आहे. उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथवर पोचतं ती ही रेषा. भांगाच्या भरतीचं पाणी इथे धरत नाहीत, ते अष्टमीच्या सुमाराला येतं आणि खालीच राहतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं धरतात. १९९१ साली केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली आणि या रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमाखाली आला. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तिथे, ही बंदी ५० मीटरवर आणली. विरळ गावांना २०० मीटरच राहिले.

समुद्रालगत वाडी असलेल्याने हे आकडे नीट वाचावेत. ही रेषा वाळूत कोणी मारलेली नाही, ती नकाशावर आहे. नकाशात ती वाडीच्या कोणत्या बाजूने जाते, यावर घराला मजला चढेल की नाही हे ठरतं. ‘समुद्र आमच्या इथवर कधीच येत नाही’ या म्हणण्याला तिथे किंमत नाही. हा अर्थ शब्दकोशात बघून कळत नाही, त्यासाठी किनारा व्यवस्थापनाचा नकाशा बघावा लागतो.

याच किनाऱ्याला इंग्रजीत ‘कोस्टलाईन’ म्हणतात आणि त्यात एक गंमत दडली आहे. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे असं आपण शाळेत शिकलो. भारताचा ७,५१६.६ किलोमीटर. अलीकडे सरकारने भारताचा आकडा ११,०९८.८१ किलोमीटर असा सुधारला. देश वाढला नाही, समुद्रही इतका सरकला नाही. नकाशा जास्त बारीक घेतला, एवढंच. मोठ्या मापाने मोजलं तर खाडीचं एक तोंड ओलांडून माप सरळ पुढे जातं. लहान मापाने मोजलं तर ते खाडीत शिरतं, प्रत्येक खडपाला वळसा घालतं आणि लांबी वाढत जाते. ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल गणितज्ञ बेन्वा मांडेलब्रो यांनी १९६७ साली हाच मुद्दा मांडला होता. जयगड, दाभोळ, विजयदुर्ग, देवगड, ठिकठिकाणी आत घुसलेल्या खाड्या असलेल्या कोकणाला हे सांगायला नको. इथे रस्त्याने जाणाऱ्याला आणि तरीने जाणाऱ्याला अंतर कधी सारखं पडलंच नाही.

रांगेच्या अर्थाकडे येऊ. ब्रिटिश माणूस रांगेला ‘क्यू’ म्हणतो, ‘लाईन’ म्हणतो अमेरिकन. राज्य आपल्यावर ब्रिटिशांनी केलं आणि रांगेचा शब्द मात्र अमेरिकेसारखा वापरतो आपण. गणपतीच्या गाडीचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, आणि खिडकीपुढची लाईन त्याआधीच्या रात्री लागते.

रांगेचाच आणखी एक अर्थ चाकरमान्यांच्या रोजच्या तोंडी आहे, पण तो ओळखू येत नाही. फौजेच्या बराकी रांगेने बांधत, म्हणून त्या वस्तीला ‘लाईन्स’ म्हणत. आपली पोलीस लाईन तीच. मुंबईतलं मरीन लाईन्स हेही तिथल्या मरीन बटालियनच्या बराकींवरून पडलेलं नाव. समोर समुद्राची वळणदार कड दिसते म्हणून लोक त्याचा अर्थ ‘समुद्ररेषा’ असा लावतात. चुकीचा आहे, पण शोभतो.

लिहिलेल्या ओळीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ‘लाईन’ म्हणजे ओळ, कवितेची किंवा पत्राची. ‘बिट्वीन द लाईन्स’ वाचणं म्हणजे न लिहिलेलं ओळखणं, आणि ते इंग्रजी यायच्या आधीपासून गावच्या भावकीला येतं. नटाच्या संवादांनाही ‘लाईन्स’ म्हणतात. दशावतारातल्या नटाला हा शब्द उपयोगाचा नाही. तिथे संहिताच नसते, संकासुर आणि राजा रंगात येऊन उभ्या उभ्या संवाद रचतात, त्यामुळे लाईन विसरण्याची सोय नाही.

एक फाटा मात्र फसवा आहे. कोटाच्या आतलं अस्तर म्हणजे ‘लायनिंग’. याचा रेघेशी किंवा रांगेशी संबंध नाही. पूर्वी अस्तर लिननचं लावत, म्हणून अस्तर लावणं हे ‘लाईन’ क्रियापद झालं. शब्द अळशीपासूनच निघाला, पण धाग्याच्या वाटेने न जाता कापडाच्या वाटेने आला. मोटारसायकलवाला ‘ब्रेक लायनर’ बदलतो तो या फाट्यावरचा. डोळ्यांचं ‘आयलायनर’ रेघेच्या फाट्यावरचं. आणि समुद्रातलं प्रचंड प्रवासी ‘लायनर’ वाटेच्या फाट्यावरचं. तिन्ही एकाच शब्दासारखे दिसतात आणि तिघांचा रस्ता वेगळा. कोणी खिसे ‘लाईन’ केले असं इंग्रजीत वाचलं, तर त्याने खिशांवर रेघा मारल्या असं समजू नये. त्याने खिशाला पैशांचं अस्तर लावलं, म्हणजे वरकमाई केली.

उलट दिशेचीही फजिती आहे, कारण काही अर्थ आपण स्वतः तयार केले. ‘लाईन मारणे’ इंग्रजीत नाही. मैदानावर फक्कीने लाईन मारणारा मुलगा आणि मैदानाबाहेर लाईन मारणारा मुलगा यांत मराठी माणूस प्रसंगावरून फरक करतो, इंग्रजाला दोन्ही वाक्यं पहिल्या अर्थानेच कळतील. ‘लाईनवर आणणे’ हेही आपलंच. रूळ सोडलेली गाडी परत रुळावर आणावी तसं बिघडलेल्याला सुधारणं, असा तो अर्थ असावा, निदान मला तरी तो तसाच ऐकू येतो.

‘ऑनलाईन’ हा सगळ्यात नवा. संगणक तारेने जोडलेला असे तेव्हा हा शब्द खरा होता. आता तार गेली, मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी राहिल्या आणि शब्द तसाच चालू आहे. सातबारा ऑनलाईन, बारावीचा निकाल ऑनलाईन. मालवणच्या बाजारात सुरमई कापून देताना मासेवाली विचारते, ‘ऑनलाईन करतलात काय रोख?’ तिथे ऑनलाईन म्हणजे मोबाईलवरून पैसे, बाकी काही नाही. गिऱ्हाईक फोन वर धरून इकडे तिकडे फिरतं आणि शेवटी खिशातून नोट काढतं, कारण रेंज नाही. रेंज म्हणजे डोंगराची रांगसुद्धा, आणि बाजारात फोन लागत नाही तो बहुधा मागच्या डोंगरामुळेच.